परदेशात मोबाइल डेटा: सातारा-सांगलीहून निघण्यापूर्वी पूर्ण करावयाची प्रक्रिया आणि कागदपत्रे

परदेशात विमानातून उतरल्यावर फोन सुरू केला आणि नेटवर्कच आले नाही, म्हणून इकडे सातारा किंवा सांगलीत नातेवाइकांची धावपळ सुरू झाली, असे आता वारंवार पाहायला मिळते. मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील, जर्मनीत शिकायला जाणारे विद्यार्थी, मिरजेहून उमराहला जाणारे यात्रेकरू, अभ्यासदौऱ्यावर निघालेले तासगावचे द्राक्षबागायतदार, अशी प्रत्येकाच्या प्रवासाची कारणे वेगळी असली तरी अडण्याच्या जागा त्याच असतात. यांतील जवळजवळ प्रत्येक अडचण निघण्यापूर्वी गावातच सुटण्यासारखी असते. उतरल्यावर ती सुटत नाही, कारण रोमिंग सुरू करायचे असो, सिम बदलायचे असो किंवा बँकेतला क्रमांक बदलायचा असो, त्यासाठी लागणारा ओटीपी त्याच बंद पडलेल्या सिमवर येतो.

मार्ग तीन आहेत. आपल्या भारतीय क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेता येतो. परदेशी कंपनीचे सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसवता येणारे डिजिटल सिम) भारतातूनच घेऊन जाता येते. किंवा त्या देशात पोहोचल्यावर तिथले स्थानिक सिम घेता येते. पहिल्या मार्गाला सहसा पासपोर्ट लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला लागतो. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी पहिला मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे. मुक्काम महिन्याहून मोठा असेल तर स्थानिक सिम स्वस्त पडते, पण तेव्हाही भारतीय क्रमांक जिवंत ठेवावाच लागतो.

सिम कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न

अर्ज सर्वांत जास्त याच ठिकाणी अडतात. आपल्याकडे वडिलांचे सिम मुलाच्या नावावर, सासूबाईंचे सुनेच्या नावावर, तर कोणाचे गावातल्या दुकानदाराने एखाद्या योजनेत कोणाच्या तरी नावावर दिलेले, असे सर्रास असते. क्रमांक पंधरा वर्षे वापरात असतो, बँकेला आणि आधारला जोडलेला असतो, त्यामुळे तो आपलाच आहे अशी खात्री असते. सिम हरवले, खराब झाले किंवा ई-सिम करून घ्यायचे झाले, की मात्र मोबाइल कंपनीच्या दालनातला कर्मचारी नोंदणीतल्या माणसाला घेऊन या म्हणतो, आणि नियमाने त्याचे बरोबरच असते. तो माणूस पुण्याला नोकरीला असेल तर एक आठवडा जातो. तो हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती जमवण्यात त्याहून अधिक वेळ जातो, आणि तिकीट हातात असताना या कागदांसाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत खेटे घालणारी वयस्कर माणसे पाहिली की वाईट वाटते.

म्हणून व्हिसाचा अर्ज करतानाच ही तपासणी करावी. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपला क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी टाकल्यास त्या नावावर किती जोडण्या आहेत याची यादी दिसते. तुमच्या घरात नसलेले क्रमांक त्या यादीत दिसले, तर आपल्या क्रमांकाचा नोंदणीकृत मालक कोणी दुसरा आहे अशी शंका घ्यावी आणि कंपनीच्या अधिकृत दालनात जाऊन विचारावे. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेत कोणत्याही दुकानात रिचार्ज होते, परंतु नाव बदलण्याचे काम प्रत्येक रिचार्ज दुकानात होत नाही. हे न कळल्यामुळे लोकांच्या चकरा वाया जातात. मूळ मालक हयात असेल तर दोघांनी आपापली मूळ कागदपत्रे आणि तो क्रमांक चालू असलेला फोन घेऊन एकत्र जावे.

नाव बदलताना नव्याने केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळणी, होते आणि तिथे दुसरा अडथळा येतो. आयुष्यभर ऊस आणि हळदीच्या शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत, आणि ‘अंगठा जुळत नाही, आधार केंद्रावर जा’ असे सांगून त्या माणसाला परत पाठवले जाते. हे सांगणे अर्धवट आहे. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्मवरची केवायसी बंद झाली असली, तरी आधारच्या ठशाखेरीज डिजिटल केवायसीची सोय आहे. तिच्यात ओळखपत्राच्या मूळ प्रतीचे आणि ग्राहकाचे छायाचित्र कंपनीच्या ॲपमधून तिथेच घेतले जाते. पासपोर्ट हाताशी असतोच, तोच पुढे करावा आणि डिजिटल केवायसी करून द्या असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

सिम बदलल्यानंतरचे २४ तास

जुने सिम बदलून नवे घेतले किंवा साध्या सिमचे ई-सिम केले, तर सुरक्षिततेच्या नियमानुसार पुढचे २४ तास त्या क्रमांकावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम योग्य आहे, पण तो दालनात बहुधा कोणी सांगत नाही. परिणामी निघायच्या आदल्या संध्याकाळी सिम बदलून घेतलेला प्रवासी दुसऱ्या दिवशी विमानतळावर बँकेच्या ओटीपीची वाट पाहत बसतो. रोमिंगचे दर पाहून दुसऱ्या कंपनीत जायचे ठरवले असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार सिम बदलल्यावर ७ दिवस क्रमांक पोर्ट करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सिमविषयीचे कोणतेही काम प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी उरकलेले असावे.

मुलाने अमेरिकेतून पाठवलेला फोन

हा प्रकार आपल्या भागात घरोघरी आहे आणि त्यात दोन वेगवेगळे धोके आहेत. पहिला कुलुपाचा. तिथे हप्त्यावर घेतलेला फोन अनेकदा त्या कंपनीपुरता बांधलेला असतो आणि त्यात इतर कंपनीचे सिम चालत नाही. आयफोन असेल तर सेटिंगमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ या ठिकाणी ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे; नसेल तर फोन ज्याने घेतला त्यानेच त्या कंपनीकडून तो खुला करून घ्यावा लागतो, इथल्या दुकानदाराच्या हातात ते नसते. दुसरा धोका असा की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ या मॉडेलपासून सिम घालायची खाचच नाही. आईवडिलांनी तिथे जाऊन नवा फोन घेतला की भारतातले सिम त्यात बसत नाही, आणि ई-सिममध्ये रूपांतर करायला तर तोच क्रमांक आणि पडताळणीचे संदेश लागतात. तिथे गेल्यावर फोन बदलायचा विचार असेल तर या गोष्टीचा निर्णय घरी असतानाच करावा, किंवा जुना फोन भारतीय सिमसह चालू ठेवावा.

फोनमध्ये ई-सिमची सोय आहे की नाही हे ओळखण्यासाठी *#०६# डायल करावे. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला तर सोय आहे.

परदेशी कंपनीचे सिम भारतातून घेताना

भारतात अशी सिम विकायला दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते आणि विक्रेत्याने ग्राहकाचा पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवासाची कागदपत्रे घेणे अपेक्षित असते. विक्रेता काहीच कागद मागत नसेल तर सोय झाली असे समजू नये, शंका घ्यावी. जानेवारी २०२४ मध्ये ई-सिम विकणारी दोन नावाजलेली परदेशी ॲप ना-हरकतीअभावी भारतातील ॲप स्टोअरमधून काढली गेली. आधी पैसे भरून ठेवणाऱ्यांनी हा धोका ओळखावा. ग्राहकाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच लिहावे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले पण पासपोर्टवर माहेरचेच राहिले, अशा महिलांचे अर्ज इथे हमखास परत येतात.

ई-सिमचा क्यूआर कोड बहुधा एकदाच वापरता येतो. तो घरच्या वायफायवर फोनमध्ये बसवून ठेवावा आणि ‘चालत नाही’ म्हणून घाईने काढून टाकू नये, कारण भारतात तो चालणार नसतोच. त्या देशातले नेटवर्क मिळाल्यावरच तो जागा होतो.

रोमिंगचा पॅक: तारीख आणि देश

पॅक कंपनीच्या ॲपवरून घेता येतो. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा बहुतेक क्रमांकांवर मुळात बंद असते, ती आधी सुरू करावी, आणि भारतातला मूळ रिचार्ज परतीच्या तारखेपुढेपर्यंत चालू ठेवावा. मूळ रिचार्ज परदेशात असताना संपला आणि पॅक असूनही फोन गप्प झाला, असे अनेकांचे होते. बीएसएनएलच्या ग्राहकांनी आपण जाणार त्या देशात आपल्या प्रकारच्या जोडणीला सेवा आहे का, हे ग्राहक सेवा केंद्रात जाऊन विचारूनच पुढचे ठरवावे.

पॅकच्या मुदतीचा अर्थ नीट वाचणे फार महत्त्वाचे आहे. काही पॅक घेतल्या क्षणापासून सुरू होतात, काही तुम्ही निवडलेल्या तारखेपासून, तर काही परदेशी नेटवर्क पकडल्यावर. ‘एक दिवस’ म्हणजे कुठे पहिल्या वापरापासूनचे २४ तास, तर कुठे भारतीय वेळेनुसार मध्यरात्री संपणारा दिवस. मुंबईहून पहाटे सुटणाऱ्या विमानासाठी सांगलीहून आदल्या दुपारी गाडीने निघावे लागते. घरून निघतानाच पॅक घेतला आणि तो लगेच सुरू होणारा असेल, तर विमान आकाशात जाण्याआधीच त्यातला बराच भाग संपलेला असतो. अटींमधली ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरांत छापणे कंपन्यांना अवघड नाही, तरीही ती इंग्रजी मजकुराच्या तळाशी बारीक अक्षरांत दडलेली असते.

देशांच्या यादीचेही तसेच आहे. अमेरिकेचा पॅक घेऊन दोहा किंवा अबुधाबीमार्गे जाणाऱ्याचा फोन मधल्या थांब्यावर तिथले नेटवर्क पकडतो आणि ते पॅकमध्ये नसेल तर मूळ दराने पैसे कापले जातात. अशा थांब्यावर डेटा रोमिंग बंद ठेवून विमानतळाचे वायफाय वापरावे. युरोपच्या सहलीत स्वित्झर्लंडची चौकशी वेगळी करावी. युरोपीय संघातील एका देशाचे सिम १५ जून २०१७ पासून संघातील इतर देशांत जादा आकाराविना चालते, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि ब्रिटनही आता नाही. विमानातले आणि जहाजातले नेटवर्क सामान्य पॅकमध्ये धरलेले नसते, म्हणून तिथे फोन एअरप्लेन मोडवरच असावा.

रोमिंगचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. रोमिंगमध्ये डेटा साधारणपणे आपल्या भारतीय कंपनीमार्गे फिरून येतो, त्यामुळे दुबईत स्थानिक सिमवर बंद असणारे व्हॉट्सॲप कॉल किंवा चीनमध्ये न उघडणाऱ्या सेवा भारतीय सिमवर बहुधा चालतात. घरच्यांशी रोज बोलायचेच असेल तर थोडे जास्त पैसे देणे इथे योग्य ठरते.

तिथे पोहोचल्यावर

स्थानिक सिमसाठी पासपोर्टची मूळ प्रत लागते. छायाप्रत किंवा फोनमधले छायाचित्र अनेक ठिकाणी चालत नाही. जर्मनीत प्रीपेड सिमलाही जुलै २०१७ पासून ओळख पडताळणी सक्तीची आहे, सौदी अरेबियात बोटांचे ठसेही घेतात, तर जपानमध्ये पर्यटकाला सहसा फक्त डेटाचे सिम मिळते, ज्यावरून साधा कॉल करता येत नाही.

दोन सिम असतील तर डेटासाठी नवे सिम निवडावे, भारतीय सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवावा आणि आपोआप सिम बदलण्याची सोयही बंद करावी. भारतीय सिम काढून मात्र ठेवू नये. रोमिंग सुरू असेल तर ओटीपीचे एसएमएस त्यावर येतात आणि येणाऱ्या एसएमएसला बहुधा पैसे पडत नाहीत. पॅक नसताना त्यावर आलेला कॉल उचलला तर मात्र पडतात.

सहा महिने मुलांकडे राहणाऱ्यांनी इकडच्या कोणा नातेवाइकाला रिचार्जची तारीख लिहून द्यावी. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असेल तर या कारणाने तो बंद करता येत नाही. तरीही केवळ शिल्लकीवर विसंबू नये, कारण योजनेची मुदत संपली की संदेश येणे थांबू शकते, आणि कायमचा बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो. तो बँकेला जोडलेला असेल तर तुमचे संदेश त्या माणसाकडे जाऊ लागतात.

परत आल्यावर बिलात न पटणारी रक्कम दिसली, तर फोनवर वाद घालण्यापेक्षा कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तिचा डॉकेट क्रमांक (तक्रार नोंदणी क्रमांक) घ्यावा, आणि पॅक घेतल्याचा संदेश तसेच बोर्डिंग पास जपून ठेवावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा, असा नियम आहे. डॉकेट क्रमांक नसेल तर अपील दाखलच होत नाही, म्हणून तो तोंडी न घेता एसएमएसने मागून घ्यावा.