‘ओरिजिनल पाठवा’: फोनमधल्या फोटोंचा कागदापर्यंतचा प्रवास

गणपतीत कुडाळ, कणकवली, चिपळूण अशा कुठल्याही बाजारातल्या फोटो स्टुडिओत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “हा व्हॉट्सॲपचा आहे, ओरिजिनल पाठवा.” मुंबईहून आलेला चाकरमानी चक्रावतो, कारण त्याच्या फोनवर फोटो लख्ख दिसत असतो. पंचवीस वर्षांपूर्वी हे वाक्य कुणाच्या तोंडी नव्हतं. निगेटिव्ह म्हणजे ओरिजिनल, आणि ती प्रिंटबरोबर पाकिटातूनच मिळायची. विषय संपला.

पहिल्या कॅमेरा फोनचे फोटो छापण्याजोगे नव्हतेच. २००२-०३ च्या फोनमधला फोटो ६४० बाय ४८० पिक्सेलचा. तो ४ बाय ६ इंचांवर घेतला की इंचाला जेमतेम १०७ पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० च्या आसपास लागतात, २०० पर्यंत निभावतं. २००५ पासून २ मेगापिक्सेलचे फोन आले, १६०० बाय १२०० चे. ४ बाय ६ वर इंचाला २६७. म्हणजे छापता येईल असा फोटो. हा १६०० चा आकडा लक्षात असू द्या.

तेव्हा फोटो दुकानापर्यंत यायचा तो मेमरी कार्डातून. बऱ्याच फोनमध्ये कार्ड बॅटरीखाली असे, त्यामुळे आधी फोन बंद, मग झाकण, मग बॅटरी. नखाएवढं कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून रीडरला लावायचं. कार्डाबरोबर व्हायरसही यायचे. सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले की गिऱ्हाईक “फोटो गेले” म्हणून हवालदिल होई. फोटो बहुधा तिथंच असत, फक्त लपवलेले. घाबरून कार्ड फॉरमॅट केलं तर मात्र गेले. दुसरा मार्ग ब्लूटूथचा: पेअर करा, ०००० किंवा १२३४ टाका, एकेक फोटो पाठवा. वेळखाऊ काम, पण कार्ड काय किंवा ब्लूटूथ काय, फाइल जशीच्या तशी पोचायची. म्हणून ‘ओरिजिनल’ हा शब्द लागतच नव्हता.

केबलचा मार्ग कधी नीट रुळला नाही. नवे अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला लावले की नुसते चार्ज होतात. वरून नोटिफिकेशन ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याशिवाय फोल्डर दिसत नाहीत. स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, तिथं हेही करून उपयोग नाही. आणि कट-पेस्ट कधी करू नये: आधी कॉपी, दोन्हीकडची संख्या ताडून बघायची, मगच फोनमधून काढायचं.

खरा घोळ व्हॉट्सॲपनं घातला. ॲप २००९ चं. फोटो पाठवताना ते त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि वर कॉम्प्रेसही करतं, म्हणजे बारकावे गाळून फाइल हलकी करतं. ५० मेगापिक्सेलचा फोन घ्या, त्यातला ४:३ मापाचा फोटो समोर पोचतो १६०० बाय १२०० होऊन. कॅमेरा वाढत गेला आणि वाट २००५ च्याच रुंदीची राहिली.

हा निर्णय मूर्खपणाचा होता असं स्टुडिओवाले म्हणतात, पण ते सर्वस्वी खरं नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत, जिथं फोन खिडकीत ठेवल्याशिवाय रेंज येत नाही, तिथं सेकंदाला १०० किलोबिट मिळाले तर ४ एमबीचा फोटो जायला पाच मिनिटांहून जास्त लागतात आणि २०० केबीचा सोळा सेकंदांत जातो. फोटो पोचले ते या कपातीमुळेच. तक्रार असलीच तर ती वेगळी: २०१६ नंतर स्वस्त फोर-जी आलं तरीही अनेक वर्षं नेहमीच्या पाठवण्यात पर्याय दिला गेला नाही, आणि कपात झाली आहे हे पाठवणाऱ्याला कळतही नव्हतं.

काउंटरवरच्या वादात ‘ओरिजिनल’चे निदान तीन अर्थ असतात. गिऱ्हाइकाच्या लेखी ओरिजिनल म्हणजे स्क्रीनशॉट नसलेला, चुलतभावानं ग्रुपवर टाकलेला फोटो. स्टुडिओच्या लेखी ज्या फोननं काढला त्याच्या कॅमेरा फोल्डरमधली फाइल. आणि फोटो बॅकअपच्या ॲपमध्ये तर ‘ओरिजिनल क्वालिटी’ अशी सेटिंगच आहे, तिचा अर्थ तिसराच: बॅकअप घेताना फोटो लहान करू नका. फाइल कुठली ते ओळखणं सोपं आहे: अँड्रॉइडवर नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं असली, आकार काहीशे केबी असला, तर ती व्हॉट्सॲपची. तिच्यातून काढल्याची तारीख-वेळही पुसलेली असते. त्यामुळे लग्नाचे फोटो तारखेप्रमाणे लावले की हळदीच्या आधी वरात येते.

दर वेळी ओरिजिनलचा हट्ट धरायचं मात्र कारण नाही. ४ बाय ६ ला १६०० पिक्सेल पुरतात. ८ बाय १२ ला तेच इंचाला १३३ वर येतात, आणि सगळ्यात वाईट वेळ येते ती तेराव्याच्या फ्रेमला. गेलेल्या माणसाचा वेगळा फोटो नसतो. लग्नातल्या वीस जणांच्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलायचा असतो. ४००० पिक्सेल रुंद मूळ फाइलमध्ये तो चेहरा २०० पिक्सेलांचा असेल, तर व्हॉट्सॲपच्या प्रतीत उरतात ८०. भुवई आणि चष्म्याची काडी एकच रेघ होते. अशा वेळी ज्याच्या फोननं फोटो काढला त्याला शोधून फोन करणं हाच इलाज. आणि स्क्रीनशॉट तर नकोच: १०८० पिक्सेल रुंद स्क्रीनवर फोन उभा धरून आडवा फोटो पकडला की हातात १०८० बाय ८१० इतकंच येतं.

मधल्या काळात शेअरइट आणि झेंडर या ॲपनी हा प्रश्न जवळपास सोडवला होता. फोन ते फोन वायफाय, इंटरनेट नको, फाइल अख्खी. २९ जून २०२० ला ५९ ॲपवर बंदी आली, त्यात ही दोन्ही गेली. बंदी बरोबर की चूक हा इथला विषय नव्हे. अँड्रॉइडमध्ये तेच काम करणारी सोय त्याच ऑगस्टमध्ये आली (आज तिचं नाव क्विक शेअर), पण सवय तोवर व्हॉट्सॲपकडे वळली होती.

कागदाची बाजू थोडक्यात. फोनचा फोटो ४:३, कागद ३:२. आडवा फोटो ४ बाय ६ वर काठोकाठ घेतला की वर-खाली मिळून नववा हिस्सा कापला जातो, म्हणजे गणपतीच्या फोटोत माटवीची (मूर्तीच्या वर टांगलेल्या चौकटीची) फळं आणि पुढे बसलेल्यांचे पाय. पांढरी कडा चालेल का, हे आधीच विचारून घ्यावं. इंकजेट प्रिंटरवर डाय शाईनं (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) काढलेली प्रिंट कोकणच्या पावसाळ्यात दमटपणा ओढते, फ्रेमच्या काचेला चिकटते. काच आणि प्रिंटच्या मध्ये माउंटची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी हवीच. फोटो पेपर उघडा ठेवला तर वळतो आणि रोलर दोन कागद एकदम ओढतो, तेव्हा पाकीट सिलिका जेलसकट बंद ठेवावं.

व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जसाच्या तसा पाठवायची युक्ती २०१७ पासून आहे: पिनच्या खुणेवर जाऊन गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडायचं. त्याच वर्षी आयफोननं फोटो जेपेग या नेहमीच्या फाइल प्रकाराऐवजी एचईआयसी या नव्या प्रकारात साठवायला सुरुवात केली, आणि दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो जेपेग निघतात. आधी काढलेले तसेच राहतात. त्यांच्यासाठी २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेली एचडीची खूण बरी. तिनं लांब बाजू साधारण ४००० पिक्सेलपर्यंत जाते, ८ बाय १२ ला पुरते, आणि फाइल जेपेग होऊन पोचते. म्हणून हल्ली आयफोनवाल्याला काउंटरवरून उलटंच सांगावं लागतं: “ओरिजिनल नको, फोटो म्हणूनच टाका, फक्त एचडी दाबा.”