चाकूला पाणी कुणी दिलंय ते बघा

खिशातला चाकू घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टील कुठलं. एस३०व्ही आहे का, डी२ आहे का, एम३९० मिळेल का, आणि मग ज्याच्या पात्यावर भारी नाव कोरलंय तो ब्रँड चांगला असा निकाल लागतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते, कारण यातलं विज्ञान फार सुंदर आहे.

परवा माझ्याकडे पुठ्ठ्याचे दहाबारा रिकामे खोके जमले होते, ते फोडायला मी मुद्दाम दोन चाकू घेऊन बसले. एक व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा लाल मुठीचा, रोज खिशात असतो तो, आदल्या रात्री धार लावलेला. दुसरा एका कंपनीचा नवाकोरा, पावडर स्टीलचा, म्हणजे धातूचा भुगा दाबून केलेल्या स्टीलचा, नाव ऐकलं की जाणकार मान डोलावतात असलं स्टील. पुठ्ठा हाताला मऊ लागतो पण धारेचा तो मोठा शत्रू आहे, त्याच्या लगद्यात खनिजांचे बारीक कण असतात आणि ते पात्याला घासत राहतात. तिसऱ्या खोक्यानंतर वर्तमानपत्राचा कागद कापून बघितला, लाल चाकू सरसर गेला आणि नवा अडखळला, कागद कापायच्या ऐवजी फाटायला लागला. दिव्याखाली दहापट भिंग धरून कड बघितली. चांगली धार भिंगातूनही दिसत नाही, ती इतकी बारीक असते की उजेड परत फेकायला तिथं जागाच नसते, पण बोथट झाली की कडेवर पांढरी चमकती रेघ दिसते. नव्या चाकूला टोकापासून थेट मध्यापर्यंत ती रेघ होती.

स्टील तर उत्तम होतं, मग बिघडलं कुठे? पाण्यात. हत्याराला पाणी देणं म्हणतो ना आपण, तापवून झटकन थंड करून कडक करणं, तेच.

स्टील म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन, त्यात क्रोमियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम वगैरे मिसळलेलं. ते साधारण हजार अंशांच्या वर तापवलं की कार्बन लोखंडात विरघळतो, आणि मग झटकन थंड केलं की त्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकून बसतो आणि जाळी ताणली जाते. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. ती खूप कडक असते पण ठिसूळ, म्हणून पात्याला परत हलकं तापवतात, बऱ्याच स्टेनलेस स्टीलना दोनशे अंशांच्या आसपास, म्हणजे थोडा कडकपणा सोडून चिवटपणा येतो. हे गणित अगदी नाजूक आहे. भट्टी कमी तापली तर कार्बन विरघळतच नाही आणि पातं मऊ राहतं, जास्त तापली तर आतले दाणे, म्हणजे धातूचे बारीक स्फटिक, मोठे होतात आणि पातं टवके टाकतं. म्हणजे स्टील तेच, नाव तेच, पण दोन कारखान्यांतून निघालेले चाकू दोन स्वभावाचे.

माझ्या नव्या चाकूचं दुखणं त्याहून साधं निघालं. कारखान्यात शेवटची धार फिरत्या पट्ट्यावर काढतात, आणि घाईत काढली तर ती केसाइतकी पातळ कड घर्षणाने इतकी तापते की तेवढ्याच भागाचं पाणी उतरतं. बाकी पातं ठणठणीत, फक्त धारच मऊ. मी त्याला पुढच्या काही दिवसांत चार वेळा ओल्या दगडावर सावकाश धार लावली, मऊ झालेला भाग झिजून गेला आणि खालचं चांगलं स्टील वर आलं, आता तोच चाकू लाल चाकूच्या कितीतरी पुढे टिकतो. त्यामुळे नवा चाकू पहिल्याच आठवड्यात बोथट झाला म्हणून लगेच ब्रँडला नावं ठेवू नका, दोनतीनदा धार लावा आणि मग ठरवा.

तर माझ्या मते ब्रँड म्हणजे मुख्यतः दोन गोष्टींची हमी, पाणी कसं दिलंय आणि पातं कसं घासलंय. यातलं पाणी दुकानात बघून कळतच नाही, त्यासाठी कंपनीवर विश्वास टाकावा लागतो.

केस या अमेरिकन कंपनीचं उदाहरण मला फार आवडतं. १८८९ पासूनची कंपनी, तिच्या शिक्क्यात नावापुढे दोन फुल्या असतात, केस एक्सएक्स. कंपनीचं सांगणं असं की चाकू पहिल्यांदा भट्टीत जायचा तेव्हा एक फुली मारायचे आणि दुसऱ्यांदा तापवून झाला की दुसरी. म्हणजे पाणी नीट दिलंय ही गोष्टच त्यांनी ब्रँड करून टाकली!

व्हिक्टोरिनॉक्सकडे बघा. कडकपणा मोजायची रॉकवेल नावाची पद्धत आहे, हिऱ्याचा शंकू ठरावीक वजनाने धातूत दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं. त्यांच्या पात्याचा आकडा ५६ आहे. तज्ज्ञ मंडळी याला मऊ म्हणतात, कारण पावडर स्टीलचे चाकू ६० च्या पुढे असतात. पण त्याच चाकूतली करवत आणि कात्री ५३ वर, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं हत्यार ५२ वर, आणि स्प्रिंग व बूच काढायचा स्क्रू ४९ वर ठेवलेले असतात. ज्याला पिळायचंय ते थोडं मऊ आणि चिवट, ज्याला कापायचंय ते कडक, एका खिशात मावणाऱ्या वस्तूत चार वेगवेगळी पाणी! ५६ च्या पात्याला धार लवकर लावता येते, कपाच्या खालच्या खरखरीत कडेवरही लागते, आणि चुकून ते दगडावर आपटलं तर वळतं, तुटत नाही. रोजच्या वापराला मी हे ६२ च्या पात्यापेक्षा वर ठेवते.

बक या अमेरिकन कंपनीचंही तसंच. त्यांचा ११० नंबरचा लॉकवाला, म्हणजे उघडलेलं पातं अडकून राहतं असा, घडीचा चाकू १९६४ चा आणि अजून बनतो, पितळेच्या टोकांचा, जरा जड. त्यात ४२०एचसी नावाचं अगदी साधं स्टील असतं, पण पॉल बॉस या माणसाने बसवून दिलेल्या पद्धतीने पाणी दिल्यामुळे ते ५८ च्या आसपास जातं. हेच स्टील दुसरीकडे पुळचट निघू शकतं.

आता भारी स्टीलचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये हं. धार झिजण्याविरुद्ध टिकवायचं मोठं काम करतात कार्बाइड, म्हणजे कार्बन आणि दुसऱ्या धातूचे अतिशय कडक कण, मार्टेन्साइटमध्ये बेदाण्यांसारखे पेरलेले. त्यात व्हॅनेडियमचे सगळ्यात कडक, क्रोमियमच्या कार्बाइडपेक्षा बरेच, आणि साध्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक. म्हणूनच भरपूर व्हॅनेडियमच्या स्टीलला धार लावताना घाम निघतो आणि हिऱ्याची पावडर बसवलेली पट्टी लागते. पूर्वी अडचण अशी होती की वितळलेलं स्टील हळूहळू थिजताना हे कण एकत्र येऊन मोठे गोळे व्हायचे आणि धारेच्या कडेला असा गोळा आला की टवकाच उडायचा. पावडर पद्धतीत वितळलेल्या स्टीलवर वायूचा जोरदार झोत मारून त्याचा भुगा करतात, प्रत्येक कण क्षणात थिजतो, मोठे गोळे व्हायला सवडच नाही, आणि मग हा भुगा उष्णता आणि प्रचंड दाबाखाली परत एकजीव करतात. एस३०व्ही, २००१ साली खास चाकूंसाठी आलेलं, असंच बनतं. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचं, त्याने प्रमाणं अशी बसवली की क्रोमियमचे कार्बाइड जवळपास होतच नाहीत, सगळं क्रोमियम गंज अडवायला मोकळं राहतं.

धार जाते कशी यावर २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी सुरेख काम केलं, सायन्स या नियतकालिकात आलं होतं. दाढीचा केस ब्लेडच्या स्टीलपेक्षा पन्नासपट मऊ, तरी ब्लेड बोथट का होतं? त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष केस कापून बघितले तेव्हा दिसलं की केस वाकतो, पात्यावर तिरका ताण येतो, आणि स्टीलची आतली रचना जिथे एकसारखी नसते तिथे, केसाच्या कडेपाशी, बारीकसा टवका निघतो. म्हणजे आतली रचना एकसारखी असणं हे नुसत्या कडकपणाइतकंच मोलाचं, आणि ती रचना ठरते परत भट्टीतच.

गंजाचं थोडं सांगते. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने साधारण १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं स्टील केलं. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर करतं, ओरखडा पडला की तो आपोआप परत भरतो. पण हे फक्त मोकळ्या क्रोमियमचं काम, कार्बाइडमध्ये अडकलेलं क्रोमियम काही करत नाही. म्हणून डी२ मध्ये १२ टक्के क्रोमियम असूनही तो दमट हवेत ठिपके धरतो, त्याचं बरंचसं क्रोमियम कार्बाइडनेच गिळलेलं असतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या नावातही हाच इतिहास आहे, कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला, १९०९ मध्ये आई वारल्यावर तिच्या नावावरून ब्रँडला व्हिक्टोरिया नाव दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस आलं तेव्हा त्याला इनॉक्स हा स्टेनलेससाठीचा फ्रेंच शब्द जोडला.

पात्याच्या आकाराकडे मात्र लोक फारच कमी लक्ष देतात, खरं तर हाताला फरक जाणवतो तो त्याचाच. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल घ्या, १८९० पासूनचा, लाकडी मूठ, आणि १९५५ पासून ती फिरवायची कडी, जिच्याने पातं उघडं असताना अडकून राहतं. त्याच्या आठ नंबरच्या पात्याची पाठ दोन मिलिमीटरपेक्षाही पातळ. गाजर कापून बघा, ओपिनेल आरपार जातो, आणि चार मिलिमीटर पाठीचा दणकट चाकू अर्ध्यात पोचला की पाचरीसारखा रुततो आणि गाजर टक्कन फुटतं. तिथे दणकट चाकूचं स्टील कितीही भारी असो, गाजराला त्याचं काही नाही. ओपिनेलची एक गोष्ट लक्षात ठेवा, मूठ लाकडी असल्यामुळे ओलाव्याने फुगते आणि पातं घट्ट बसतं, मूठ वाळली की सुटतं.

लॉकबद्दल जास्त बोलत नाही. बोटं जपायची तर लॉक हवा, पण काही देशांत खिशात लॉकवाला चाकू चालत नाही, ब्रिटनमध्ये कारण नसताना बाळगायचा तर पातं घडीचं, बिनलॉकचं आणि तीन इंच किंवा त्याहून कमी लागतं, तेव्हा घेण्याआधी आपापला कायदा बघा. आणि विमानात हातातल्या बॅगेत बहुतेक ठिकाणी नाहीच.

संग्रहासाठी निकष थोडे बदलतात, तिथे ओळख पटणं महत्त्वाचं. लागिओल हे नाव ऐकून भुलू नका, ते फ्रान्समधल्या एका गावाचं नाव, कुठल्या एका कंपनीचं नाही, उत्तम कारागिराचा चाकूही लागिओल आणि तकलादू नक्कलही लागिओल, म्हणून पात्यावर बनवणाऱ्याचा शिक्का शोधा. केसचे चाकू याबाबतीत फार सोयीचे, १९७० मध्ये त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला, त्यामुळे पात्याच्या बुडाशी ठिपके मोजले की त्या दशकातलं साल कळतं. विज्ञानाची आवड असणाऱ्याने स्पायडर्को या कंपनीच्या चाकूंकडे बघावं, पात्याला गोल भोक असतं ते, एकाच आकाराचं पातं वेगवेगळ्या स्टीलमध्ये काढायची त्यांची सवय आहे, चारपाच जमवले की घरीच तुलना करता येते.

जुना चाकू हातात आला की बफ मारून चकाचक करायचा मोह आवरा, पॉलिशमध्ये शिक्क्याच्या रेघा उडून जातात आणि त्याबरोबर ओळखही. लाल गंज तेलाने आणि मऊ कापडाने काढा, पण कार्बन स्टीलवरचा निळसर राखाडी थर राहू द्या, तो घट्ट बसलेल्या ऑक्साइडचा असतो आणि खालच्या धातूला थोडंफार सांभाळतो. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावतानाची रसायनंही त्यात उरलेली असतात. आणि जुन्या चाकूंच्या रंगीत, शंखासारख्या चमकणाऱ्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हे म्हातारं झालं की विघटन होऊन नायट्रोजनच्या ऑक्साइडची वाफ सोडतं, ओलाव्याशी मिळून तिचं आम्ल होतं आणि त्याच पेटीतले शेजारचे चांगले चाकू गंजायला लागतात. पेटी उघडल्यावर कापराचा किंवा तिखट आंबूस वास आला, मुठीवर बारीक भेगा किंवा चिकटपणा दिसला, की तो एक चाकू त्याच दिवशी बाहेर काढा आणि हवा खेळेल अशा जागी बाकीच्यांपासून लांब ठेवा.