खासगी पत्रव्यवहाराची गोपनीयता (मुंबई)

पत्र लिहिणारा आणि ते ज्याला लिहिले तो, या दोघांखेरीज तिसऱ्याने मजकूर वाचू नये हा सामाजिक संकेत व त्याला मिळालेले कायद्याचे संरक्षण. मुंबईत हा संकेत पूर्वीही फारसा सोवळा नव्हता. जीपीओसमोर बसणारे पत्रलेखक निरक्षर कामगारांची पत्रे लिहून देत, आलेली वाचूनही दाखवत. नवऱ्याने गावी बायकोला काय कळवले हे तिच्याआधी त्यांना ठाऊक असे. गिरणगावातल्या चाळीत कोकणातून आलेले पोस्टकार्ड खोलीत पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांच्या नजरेखालून गेलेले असे. नाजूक मजकूर अंतर्देशीय पत्रात किंवा पाकिटात जाई. पाकीट वाटेत कोणी फोडलेच, तर निदान तसे दिसे.

ई-मेलमध्ये ही खूण उरली नाही. विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, पुढे रेडिफसारख्या मुंबईच्याच कंपनीने फुकट मेलपेटी दिली, आणि सायबर कॅफेत लॉगआउट न करता उठलेल्याची पेटी पुढच्या गिऱ्हाइकासमोर उघडी राहू लागली. आज मेल वाटेत सहसा कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर मात्र तो तिला वाचता येईल असाच पडून असतो. जाहिराती ठरवण्यासाठी मेलमधला मजकूर चाळणे जीमेलने थांबवले ते २०१७ साली. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेश दोन टोकांदरम्यान कूटबद्ध केले, त्यामुळे मजकूर झाकला गेला. कोणी, कोणाला, कधी लिहिले हे झाकले गेले नाही.

टपाल उघडण्याचा अधिकार सरकारला १८९८ च्या कायद्यापासून आहे. तो वाढवणारे विधेयक संसदेने १९८६ साली मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही आणि ते तसेच विरले. २०२३ च्या टपाल कायद्यात अधिकाराची कक्षा रुंदावली. उलट, पत्र बेकायदा उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला जुन्या कायद्यात असलेली शिक्षा नव्यात राहिली नाही. त्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल या विषयात महत्त्वाचा आहे. बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या प्रकरणात सीबीआयने मुंबईतील एका व्यावसायिकाचे फोन ऐकले होते. १८८५ च्या तार कायद्यानुसार त्यासाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा जनतेची सुरक्षितता यांपैकी एक कारण असावेच लागे. ते नसल्याने न्यायालयाने फोन ऐकण्याचे सरकारी आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाचा आधार त्यामागे होता.

ई-मेलला मात्र हे कवच तितकेसे लागू पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये ही पूर्वअट नाही. ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ एवढे कारण तिथे चालते. गृहसचिवांचा आदेश आणि आढावा समिती एवढेच अडसर आहेत, आणि दोन्ही सरकारी अधिकाऱ्यांचेच. न्यायाधीशाची आगाऊ परवानगी लागत नाही. लाचेची तीच बोलणी मेलवर झाली असती, तर केवळ याच मुद्द्यावर आदेश रद्द करून घेणे त्या व्यावसायिकाला जड गेले असते.