तलाव मालगुजाराचा, जाळे ढिवराचे

पावसाळा धरला की भंडारा-गोंदियाकडच्या तलावांच्या पाळीवर पिकअप गाड्या येऊन थांबतात. मागे प्लॅस्टिकच्या पिशव्या, थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरून टम्म फुगवलेल्या. त्या लगेच फोडत नाहीत. आधी तशाच बंद तलावात तरंगत ठेवतात, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत. मग गाठ सोडायची, ओंजळभर तलावाचे पाणी आत घ्यायचे आणि पिशवी हळूच आडवी करायची. बोटाएवढी पिल्ले आधी बिचकतात, मग एकदम गढूळ पाण्यात नाहीशी होतात. या पिल्लांना बोटुकलीच म्हणतात. कटला, रोहू, मृगळ. वाढली की हेच मासे जाळ्यात येणार, म्हणजे आधी पैसे देऊन मासा तलावात टाकायचा आणि मग तो पकडायचा. इथल्या तरण्या पोरांना मासेमारी म्हणजे एवढेच वाटते. पण या तलावांचे वय तीन-चारशे वर्षांचे आणि ही पद्धत जेमतेम साठ-सत्तर वर्षांची.

वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे साडेसहा हजारांवर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात ते बांधले गेले आणि बांधणारे प्रामुख्याने कोहळी समाजाचे लोक. गोंड राजांनी कोहळ्यांना काशीकडून आणले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा व्यवहार होता म्हणतात. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळ्याने बांधला, हे तिथे शाळकरी पोरही सांगते. टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे. सगळा खटाटोप धानासाठी. मासा हा त्या पाण्याबरोबर आपसूक आलेला.

मासा पकडणारा मात्र कोहळी नव्हता, ढिवर समाजाचा होता. नदीवर नाव चालवणे, पालखी वाहणे, पाणी भरणे, तलावात शिंगाडे लावणे, ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणे, ही सगळी ढिवरांची कामे. मासेमारी त्यातली एक, सर्वांत जुनी. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि पुढच्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, गावाचे मालक ठरवले. तलावही त्यांचाच झाला. जाळे टाकायचे तर मालगुजाराचा वाटा द्यायचा, कुठे मासळीत, कुठे रोकड्यात. गावाने सरपण किती आणायचे, गुरे कुठे पाजायची, तलावाचे पाणी कसे वाटायचे, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहून ठेवलेले असे. या रुक्ष नोंदींकडे पुढे परत यावे लागणार आहे.

त्या काळी तलावात बी, म्हणजे माशांची पिल्ले, टाकायची गरजच नव्हती. मृग बरसला की पाणी सांडव्यावरून वाहायचे, खालच्या बांध्यांमधून नाल्याला मिळायचे आणि मासे उलट्या दिशेने वर चढायचे. हेच चढणीचे मासे. धानाच्या बांधीत, गुडघाभर पाण्यात, गवताच्या बुडाशी अंडी घालायची आणि परत फिरायचे. मरळीचे तर पाहण्यासारखे. पिल्लांचा लालसर थवा पाण्याच्या वरच्या थरात वळवळत असतो आणि त्याच्या खालीच बाप किंवा आई राखण करते. मरळ, वाम, मागूर, झिंगे ही सगळी तलावाचीच लेकरे. त्यांना लागायचे ते पाण्यातले गवत आणि वाहती वाट.

कटला-रोहू-मृगळाचे तसे नाही. हे नदीचे मासे, पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. तलावात सोडले तर झपाट्याने वाढतात, पण साचल्या पाण्यात वंश वाढवत नाहीत. म्हणून त्यांचे बी बंगालच्या नद्यांतून गोळा व्हायचे आणि मडक्यांमध्ये भरून रेल्वेने दूरदूर जायचे. वाटेत माणूस मडक्यात हात घालून पाणी हलवत बसलेला असायचा, नाहीतर पिल्ले गुदमरायची. (हावडा-मुंबई लोहमार्ग गोंदिया आणि भंडारा रोडवरूनच जातो, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) अशा बियात कुठल्या जातीचे काय निघेल याचा भरवसा नसे.

हे चित्र १० जुलै १९५७ रोजी बदलले. ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी काढून, वाटून, तिचा अर्क प्रजननक्षम माशांना टोचला आणि साचल्या पाण्यात अंडी मिळवली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास थायलंडहून कॉमन कार्प आणि १९५९ मध्ये चंदेरा (सिल्व्हर कार्प) व गवत्या मासा (ग्रास कार्प) परदेशातून आले. आता बी हवे तेव्हा, हवे तितके. जिऱ्याएवढ्या पिल्लांना जिरेच म्हणतात. जिऱ्याचे मत्स्यबीज आणि त्याची बोटुकली करायला सरकारी केंद्रे उभी राहिली.

इकडे तलावाचा मालकही बदलला होता. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता; तिथे १९५० साली मालगुजारी रद्द करण्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी तो अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, बोलीत ‘मामा तलाव’. छोटे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. दुरुस्तीची जबाबदारी गावाच्या अंगावरून गेली, पण खात्याच्या अंगी ती फारशी लागली नाही. गाळ साठला, उतरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या तळात पेरणी, म्हणजे गाळपेर, वाढली, कडेला बेशरम नावाची झुडपे माजली. मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागला. १९६० च्या सहकार कायद्याने संस्थांना आधार दिला हे खरे. ढिवर पहिल्यांदाच कागदावर सभासद झाला. पण पाण्याचा धनी तो झाला नाही. ठेका साधारण पाच वर्षांचा आणि ठेक्याची रक्कम भरायची तर लवकर वजन धरणारा मासा हवा. म्हणजे पुन्हा कटला-रोहू.

इथेच देशी मासा हरला, असे माझे मत. मत्स्यशेतीच्या पुस्तिकांमध्ये मरळ, मागूर हे ‘मासेखाऊ’ म्हणून नोंदले गेले. बी वाढवायच्या तळ्यात आधी मोहाची पेंड टाकून ते मारावेत, असा सल्ला असतो. गंमत अशी, की १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग, विष किंवा चुना टाकून मासे मारणे गुन्हा ठरवले होते. पेंड तळ्यापुरतीच होती, पण ‘निरुपयोगी मासा’ हा शब्द तलावापर्यंत पोचला. पाण्यातले गवतही ‘तण’ ठरले. गवत्या माशाने ते खाल्ले आणि मरळीचे घर गेले.

नदीचे हाल वेगळेच. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणाने ते अडले. तिथे चढणीचा मासा चढणार कुठे?

अलीकडे अर्जुनी मोरगावच्या बाजूला काही गावांतल्या ढिवर बायांनी उलटा उद्योग सुरू केला. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, तळ थोडा नांगरायचा आणि दुसऱ्या तलावातून पाणवनस्पती आणून लावायच्या. चिखलात कंबरेपर्यंत उभे राहून धानाच्या रोवणीसारखीच ही रोवणी. कुठल्या माशाला कुठले गवत लागते हे त्यांनी म्हाताऱ्यांकडून विचारून घेतले.

हक्काचा प्रश्नही नव्याने उभा राहिलाय. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क आणि निस्तार, म्हणजे गावाचा सरपण-चराई-पाण्यासारखा रोजच्या वापराचा हक्क, दोन्ही स्पष्ट लिहिलेले आहेत. पण ढिवर आदिवासींच्या यादीत नाहीत, ते भटक्या जमातींत मोडतात. त्यामुळे वनजमिनीवरच्या तलावासाठी दावा करायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. म्हणून आता तहसिलीच्या अभिलेखागारात जुनी बाडे काढायची खटपट चालते. मालगुजाराच्या काळचे निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्जची पिवळी पाने. आजोबाने वाटा दिल्याची नोंद सापडली, की दाव्याला जोडायला एक कागद होतो.