चाळीस टक्क्यांचा वार

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा पाळीपाळीने चाली करायचा संगणकावरचा युद्धखेळ खेळताना एक प्रसंग हमखास येतो. शत्रूचा ऑर्क (राक्षसासारखा काल्पनिक योद्धा) सरदार किल्ल्यात उभा असतो, त्याचे जेमतेम १० प्राण उरलेले असतात आणि शेजारच्या षटकोनी घरात आपला एल्फ (परीकथेतला वनवासी योद्धा) तलवार उपसून तयार असतो. मोह आवरत नाही. पण किल्ल्याच्या आडोशामुळे वार लागण्याची शक्यता फक्त ४० टक्के. साधा एल्फ चार वार करतो, लागलेला प्रत्येक वार ५ प्राण घेतो. म्हणजे चारांतले किमान दोन लागायला हवेत.

हिशोब शाळेतलाच आहे. चारही वार हुकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, नेमका एकच लागण्याची सुमारे ३५. उरले ५२ (एल्फ मध्येच मारला गेला नाही, असं धरून). थोडक्यात, छापा-काटा.

आता दुसरा एल्फ आणून उभा करा. वार आठ होतात आणि शक्यता एकदम ८९ टक्क्यांवर जाते. तिसरा आणला की ९८. मला या खेळातली हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते. एकेक वार अजूनही ४० टक्क्यांचाच आहे, नशीब तसूभरही बदललेलं नाही. पण पहिल्याचा एखादा वार लागला असेल तर तो वाया जात नाही, पुढच्याचं काम तेवढं हलकं होतं.

म्हणून कोणाला आधी पाठवायचं याला महत्त्व आहे. बहुतेक मोहिमांत आपला नायक पडला की डाव संपतो, तेव्हा त्याला शेवटी ठेवायचं. कदाचित त्याची गरजच पडणार नाही. वेळही बघायची. दिवसा ऑर्कचा मार २५ टक्क्यांनी घटतो, रात्री तेवढाच वाढतो. एल्फांना दिवस-रात्र सारखीच.

एवढं कळूनही आपण एकट्या एल्फला का पुढे ढकलतो? डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विचारलं होतं: ३००० नक्की गमवाल, की ८० टक्के शक्यतेने ४००० गमावण्याचा धोका पत्कराल? शंभरातल्या ९२ जणांनी धोका निवडला. सरासरी काढली तर त्यात ३२०० जातात, म्हणजे नुकसान जास्तच. हरायला लागलं की माणूस असा जुगारावर येतो. गावं हातची गेली, दोन शिलेदार पडले, की मलाही तो ४० टक्क्यांचा वार खुणावू लागतो.

परवा खेळातल्या रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी मी असाच सरदारासमोर येऊन ठेपलो होतो. हात आवरला, एल्फांना जंगलात मागे घेतलं. सकाळ होईपर्यंत तिघंही किल्ल्याला भिडले. पहिल्याचे चारही वार हुकले. दुसऱ्याने तिसऱ्या वारातच काम संपवलं, आणि तिसरा जागेवरून हललाही नाही.