रक्तचंदनाला वास नाही, मग एवढी मागणी कशासाठी?

‘पुष्पा’ हा तेलुगू सिनेमा गाजल्यापासून रक्तचंदन म्हटलं की सगळ्यांना ट्रक, स्मगलर आणि करोडो रुपयेच आठवतात. त्याआधी आपल्याकडे बऱ्याच घरांत रक्तचंदन म्हणजे औषधाच्या डब्यात पडलेली लाकडाची छोटी बाहुली, पाय मुरगळला, मुका मार लागला, कुठे सूज आली की आजी ती सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि लाल लेप लावायची, आणि उगाळून उगाळून बाहुलीचं बूड पार झिजलेलं असायचं. ही बाहुली बहुतेक वेळा कुणीतरी तिरुपतीहून आणलेली. ते उगाच नाही, कारण तिरुमलाचे सात डोंगर ज्या शेषाचलम रांगेत आहेत त्याच रांगेत रक्तचंदनाचं जंगल आहे. तामिळनाडूत तर अशा बाहुल्यांची जोडीच असते, मरपाची म्हणतात, नवरात्रात गोलूमध्ये, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीत, मांडतात.

आता हे झाड मुळात चंदनच नाही हे आधी सांगायला पाहिजे. पांढरं चंदन वेगळ्या कुळातलं, दुसऱ्या झाडांच्या मुळांवर अर्धं परोपजीवी जगणारं, आणि त्याची सगळी किंमत तेलाची, वासाची. रक्तचंदन म्हणजे टेरोकार्पस सॅन्टॅलिनस, शेंगा येणाऱ्या कुळातलं, आपल्याकडच्या बिबळा या झाडाचं सख्खं भावंड. त्याला सुगंध जवळपास नाहीच. आहे तो रंग, सॅन्टॅलिन नावाचं लाल द्रव्य गाभ्यात साठतं, आणि लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं.

उगवतं कुठे तर नैसर्गिकरित्या मुख्यतः पूर्व घाटाच्या दक्षिण टोकाला, आंध्रातल्या कडप्पा, चित्तूर, नेल्लोर वगैरे पट्ट्यात, शेषाचलम, पालकोंडा, लंकामल्ला, वेलिगोंडा या डोंगरांत. जमीन खडकाळ, माती कमी, ऊन मरणाचं. तिथे ते अगदी हळू वाढतं आणि म्हणूनच गाभा घट्ट होतो. मागणी जगभरची आणि पुरवठा मात्र एवढ्याशा डोंगरांतून, पुढची सगळी भानगड यातूनच येते.

आपल्याकडचा वापर जुना आहे. अथर्वशीर्षात गणपतीला रक्तगंध लावलेलं आहे ते सगळ्यांना पाठ असतं, सूर्याच्या पूजेतही रक्तचंदन लागतं, जपाच्या माळा होतात. आयुर्वेदात तर शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराने एक मजेशीर नियम दिलाय, औषधाच्या कृतीत नुसतं चंदन लिहिलं असेल तर चूर्ण, तेल-तूप, आसव यात साधारणपणे पांढरं घ्यायचं आणि काढा किंवा लेप असेल तर रक्तचंदन. म्हणजे आजी लेपाला रक्तचंदनच घ्यायची ते शास्त्राला धरूनच होतं. थंड गुणाचं, सूज आणि दाह कमी करणारं असं वर्णन आहे. पण फेसपॅकवाले जे सात दिवसांत गोरेपणा वगैरे सांगतात त्याचा याच्याशी संबंध लावू नका, आणि बाजारातली बरीच लाल पावडर नक्की कशाची असते देव जाणे.

पण गंध आणि लेप यासाठी लागतं किती, चिमूटभर. जंगल रिकामं झालं ते यामुळे नाही. मोठी मागणी नेहमी बाहेरून आली आणि दर वेळी कारण वेगळं होतं.

पहिली मागणी रंगाची. मध्ययुगात युरोपातल्या श्रीमंत घरांत जेवणाला लाल रंग यावा म्हणून याची पूड घालायचे, खरंच, आणि स्वीडनमध्ये मसाल्यात मुरवलेल्या माशांत ते अजूनही टाकतात. पुढे डच आणि इंग्रज कंपन्या कोरोमंडल किनाऱ्यावरून हे लाकूड न्यायला लागल्या, तिकडे त्याने कापड रंगवायचे. लाकूड जड, त्यामुळे जहाजाच्या तळाला वजन म्हणूनही चालायचं आणि तिकडे पोचल्यावर विकलंही जायचं, व्यापाऱ्याला दोन्हीकडून फायदा. मग 1856 मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही दशकांत लाकडापासून रंग काढायचा धंदाच बसला.

दुसरी मागणी लाकडाची, आणि ती पूर्वेकडून. जपानमध्ये शामिसेन नावाचं तीन तारांचं वाद्य आहे, त्याच्या दांडीला सगळ्यात भारी लाकूड म्हणजे हेच, त्यातही लहरी लहरी रेषा असलेलं, आणि असे रेषावाले ओंडके फार थोडे निघतात म्हणून त्यांचा भाव वेगळाच. चीनमध्ये मिंग आणि चिंग राजवटीपासून झितान या गडद लाकडाच्या फर्निचरला राजेशाही मान, आणि आपलं रक्तचंदन तिकडे झितान म्हणूनच विकलं जातं. चीनमध्ये नवा पैसा आला तशी ही हौस परत उफाळली, बीजिंगमध्ये तर 1999 मध्ये या लाकडाचं आख्खं म्युझियम उघडलं. अणुभट्टीत रेडिएशन अडवायला वापरतात म्हणून महाग, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, त्याला काही आधार नाही. खुर्च्या, कपाटं आणि वाद्यं, एवढंच कारण आहे.

1995 मध्ये हे झाड सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत गेलं, भारतानेही जंगलातल्या लाकडाची निर्यात बंद केली, आणि मागणी तशीच राहिल्यामुळे व्हायचं तेच झालं. तोडणारे बहुतेक तामिळनाडूच्या डोंगराळ भागातले गरीब मजूर, पैसा कमावणारे भलतेच. 7 एप्रिल 2015 ला शेषाचलमच्या जंगलात आंध्र पोलिसांच्या टास्क फोर्सने 20 लाकूडतोड्यांना गोळ्या घातल्या, सगळे तामिळनाडूचे, आणि ती चकमक खरी की खोटी यावर बराच वाद झाला. सिनेमात हिरो होतो तो यातला नसतो, मरतो तो हा माणूस. आपल्या न्हावाशेवा बंदरातही दुसऱ्याच मालाच्या नावाखाली भरलेले ओंडक्यांचे कंटेनर अनेकदा पकडले गेलेत.

सध्या महाराष्ट्रात रोपं विकणारे एजंट फिरतायत, एकरी इतके कोटी, दहा-बारा वर्षांत, वगैरे. लागवड करायला हरकत नाही आणि शेतात लावलेल्या लाकडाच्या निर्यातीचा रस्ताही 2019 नंतर थोडा मोकळा झालाय, 2023 मध्ये सायटिसने भारतावरची 2004 पासूनची विशेष देखरेखही काढली. पण विकण्यालायक गाभा धरायला पंचवीस-तीस वर्षं तरी जातात, काळ्या सुपीक मातीत झाड भराभर वाढलं तरी गाभा तसा घट्ट येईलच असं नाही, आणि तोडायला, वाहतुकीला, निर्यातीला परवाने लागतात ते वेगळंच. वर काही नर्सऱ्या रतनगुंज या दुसऱ्याच झाडाची रोपं रक्तचंदन म्हणून खपवतात, तेव्हा घेण्याआधी पान नीट बघा, रक्तचंदनाला साधारण तीन मोठी गोलसर पर्णदलं असतात आणि रतनगुंजेला चिंचेसारखी पण थोडी मोठी, भरपूर.