मंदीतही टीव्हीवरचा देणगीचा आकडा का टिकतो?

५ मार्च २००९ रोजी बँक ऑफ इंग्लंडने आपला व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला. १६९४ साली स्थापन झालेल्या या बँकेने इतका कमी दर त्याआधी कधीच ठेवला नव्हता. १८ मार्चला ब्रिटनमधल्या बेरोजगारांची संख्या २० लाखांच्या वर गेल्याचे जाहीर झाले. १९९७ नंतर असे प्रथमच घडत होते. या दोन बातम्यांच्या मध्ये, शुक्रवारी १३ मार्चला, बीबीसीवर 'रेड नोज डे' झाला. विनोदी कलाकार, गायक, गरिबीत वाढणाऱ्या मुलांच्या छोट्या चित्रफिती आणि अधूनमधून एकच विनंती: फोन करा, देणगी द्या. रात्र संपताना पडद्यावरचा आकडा ५ कोटी ७८ लाख पाउंडांवर गेला होता. हा कार्यक्रम एक वर्षाआड होत असे. आधीच्या, म्हणजे २००७ च्या सुबत्तेच्या वर्षात, त्याच रात्रीचा आकडा ४ कोटींच्या आसपास होता.

'आधी पोटोबा, मग विठोबा' हे आपण इतके गृहीत धरून चालतो, की असा आकडा वाचून बुचकळ्यात पडायला होते. काहींनी लगेच उलट निष्कर्ष काढला: संकट आले की माणूस अधिक उदार होतो. तेही घाईचे आहे. चॅरिटीज एड फाउंडेशन आणि एनसीव्हीओ या धर्मादाय क्षेत्रातल्या ब्रिटिश संस्थांच्या पाहणीनुसार २००८-०९ मध्ये ब्रिटनमधल्या वैयक्तिक देणग्यांची एकूण रक्कम, महागाई लक्षात घेता, आदल्या वर्षापेक्षा ११ टक्क्यांनी घटली आणि ९९० कोटी पाउंडांवर आली. म्हणजे देशाचे एकूण दान कमी झाले होते. टीव्हीवरचे आकडेही दरवर्षी चढतात असे नाही. बीबीसीच्याच 'चिल्ड्रेन इन नीड' या कार्यक्रमात २००९ साली त्या रात्री २ कोटी ३ लाख पाउंड जमले, २०१० मध्ये १ कोटी ८१ लाख, आणि २०११ मध्ये पुन्हा २ कोटी ६३ लाख.

तेव्हा प्रश्न नेमका असा विचारायला हवा: एकूण दानाला मंदीचा फटका बसतो, पण टीव्हीवरच्या आवाहनाला तो त्या मानाने इतका कमी का बसतो?

थोडे उत्तर त्याच पाहणीत आहे. रक्कम ११ टक्क्यांनी घटली, तरी देणाऱ्यांचे लोकसंख्येतले प्रमाण ५६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवरच आले. लोकांनी देणे थांबवले नव्हते, हात आखडता घेतला होता. अमेरिकेत जॉन लिस्ट आणि याना पेसाखोविच यांनी शेअर बाजाराची चढउतार आणि देणग्या यांची सांगड घालून पाहिली. बाजार वर गेला की देणग्या वाढतात, पण तो कोसळतो तेव्हा त्या प्रमाणात घटत नाहीत. देण्याची सवय एकदा जडली की सहज सुटत नाही. आणि टीव्हीवरचे आवाहन मुख्यतः पाच-दहा पाउंडांच्या देणग्यांवर उभे असते. नोकरी शाबूत असलेल्या माणसाला मंदीतही तेवढे जमते.

पण 'जमते' म्हणजे 'देतो' नव्हे. देण्यामागे काय असते याबद्दल दोन उत्तरे हमखास ऐकू येतात.

पहिले म्हणजे चेहरा. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या प्रयोगात काहींना रोकिया नावाच्या, मालीतल्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट आणि फोटो दाखवला, तर काहींना लाखो उपाशी माणसांची आकडेवारी. रोकियासाठी सरासरी २ डॉलर ३८ सेंट मिळाले, आकडेवारीला १ डॉलर १४ सेंट. हा प्रयोग गेली अनेक वर्षे सर्वत्र सांगितला जातो. मात्र २०२३ मध्ये तो मोठ्या संख्येने माणसे घेऊन पुन्हा केला गेला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्याआधी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला गेला होता, त्यातही परिणाम फार लहान निघाला होता. चेहऱ्याने मन हलते हे खरे, पण टीव्हीचे सगळे यश त्याच्या खात्यावर टाकता येणार नाही.

दुसरे उत्तर म्हणजे देण्यातला आनंद. ओरेगन विद्यापीठात विल्यम हार्बो, उलरिक मायर आणि डॅनियल बर्गहार्ट यांनी १९ स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन केले. प्रत्येकीला १०० डॉलर दिले होते आणि त्यातून गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला देण्याची सोय होती. स्वतःला पैसे मिळताना मेंदूतला जो भाग जागा होतो, तोच संस्थेला पैसे जातानाही जागा झाला. स्वेच्छेने दिले तेव्हा तो अधिक जागा झाला. हे संशोधन चांगले आहे. पण त्याच्या आसपास 'ऑक्सिटोसिन हा दानशूरपणाचा हार्मोन' अशा ज्या गोष्टी पसरल्या, त्यांना आता फारसा आधार उरलेला नाही. ऑक्सिटोसिनने विश्वास वाढतो, हा २००५ चा गाजलेला निष्कर्ष २०२० च्या मोठ्या पुनर्प्रयोगात टिकला नाही.

याहून वाईट बाजार श्रद्धेचा आहे. अमेरिकेतले काही टीव्ही-धर्मोपदेशक प्रेक्षकांना सांगतात, 'पैसे बी म्हणून पेरा, देव अनेक पटींनी परत देईल.' हे ऐकून कर्जात बुडालेली माणसेही शेवटची शिल्लक पाठवतात. दिलेला पैसा वाढून परत येतो याला कसलाही पुरावा नाही. दिल्यावर बरे वाटते, एवढे प्रयोगांत दिसते. त्या बरे वाटण्याने घराचा हप्ता भरला जात नाही. जो कोणी देणगीच्या बदल्यात संपत्तीचे वचन देतो, तो देणाऱ्याला लुबाडतो आहे.

आता या विषयातल्या माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीकडे येतो. ती स्क्रीनच्या कोपऱ्यात असते: सतत वाढणारा तो आकडा.

अर्थशास्त्राचे जुने गणित असे सांगते, की दुसरे जितके जास्त देतील तितके मी कमी द्यावे. गरज भागतेच आहे, मग माझे पैसे कशाला? या गणिताप्रमाणे वाढता आकडा दाखवणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणे. पण माणसे तशी वागत नाहीत. २००१ साली उर्स फिशबाखर, सिमोन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांनी झुरिकमध्ये केलेला प्रयोग पाहा. चौघांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. हवी तेवढी सामायिक गल्ल्यात टाकायची, उरलेली आपली. गल्ल्यातल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणे मिळते, म्हणजे एका नाण्याची एकूण किंमत १.६ होते. सर्वांनी सगळी नाणी टाकली तर प्रत्येकाला ३२ मिळतात. पण तिघांनी सगळी टाकली आणि मी एकही टाकले नाही, तर माझी २० शाबूत राहून वर २४ मिळतात, एकूण ४४. फुकटेपणाच फायद्याचा!

तरीही खरे फुकटे निघाले सुमारे ३० टक्के. निम्म्या लोकांनी सांगितले, 'इतर जितके टाकतील त्या प्रमाणात मी टाकीन.' याला सशर्त सहकार्य म्हणतात. एक बारकावा महत्त्वाचा आहे: ही माणसे इतरांच्या सरासरीच्या बरोबरीने नव्हे, तर त्याहून किंचित कमी टाकतात. म्हणून हा खेळ फेऱ्याफेऱ्यांनी खेळला की देणे हळूहळू ओसरत जाते.

हे सूत्रात मांडू. प्रत्येक माणूस इतरांकडे न पाहता 'क' एवढे देतो, आणि इतर सरासरी जितके देतात असे त्याला वाटते त्याच्या 'ख' पट आणखी देतो. सगळ्यांचा अंदाज खरा असेल, तर सरासरी देणगी अशी येते: क भागिले (१ − ख). समजा, क म्हणजे २ आणि ख म्हणजे ०.८. मग सरासरी २ भागिले ०.२, म्हणजे १०. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, मोजलेले नाहीत.)

मंदी आली. खिसा हलका झाला, क २ वरून १.५ वर आला. नवी सरासरी १.५ भागिले ०.२, म्हणजे ७.५. स्वतःहून देण्यात ०.५ ची घट झाली, पण सरासरी २.५ ने घसरली, म्हणजे पाचपट धक्का. कारण मी कमी दिले, ते पाहून तू कमी दिलेस, तुझे पाहून मी आणखी कमी. आणि प्रत्यक्षात परिस्थिती याहूनही बिकट असते, कारण शेजारी किती देतो हे कुणालाच दिसत नाही. बातम्यांत रोज नोकरकपात दिसते, आणि 'आता कोण देणार?' असा अंदाज बांधला जातो. सरासरी ४ वर आली असेल असे सगळ्यांना वाटले, तर प्रत्येक जण १.५ अधिक ३.२, म्हणजे ४.७ देईल. मूळ दहाच्या निम्म्याहूनही कमी.

टीव्ही नेमका हा अंदाज बदलतो. एका संध्याकाळी लाखो लोकांना एकाच वेळी दिसते, की लोक देत आहेत. समजा, पडद्यावरचे दृश्य पाहून प्रेक्षकाला इतरांची सरासरी १२ वाटली. सुबत्तेच्या वर्षी तो २ अधिक ९.६, म्हणजे ११.६ देईल. मंदीत १.५ अधिक ९.६, म्हणजे ११.१. घट जेमतेम ४ टक्के! टीव्ही नसता तर तीच घट २५ टक्के झाली असती. खिसा दोन्हीकडे सारखाच हलका झाला आहे. टीव्हीने फक्त एकमेकांचे पाहून कमी करत जाण्याचे चक्र तोडले. एकूण दान घटत असताना टीव्हीवरचे आवाहन तग धरते, त्यामागचे माझ्या मते हेच मुख्य कारण आहे. २००९ मध्ये ते नुसते टिकले नाही, तर वाढले. त्यात कार्यक्रमाची आखणी आणि आठवडाभर आधी किलिमांजारो चढलेल्या कलाकारांना मिळालेली प्रसिद्धी यांचाही हात असणार.

प्रयोगशाळेबाहेर याची तपासणी झाली आहे, आणि तीही थेट प्रसारणावरच्या आवाहनात. जेन शँग आणि रेचल क्रोसन यांनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक रेडिओ केंद्राच्या निधिसंकलनात हा प्रयोग केला. देणगीसाठी फोन करणाऱ्याला काही वेळा आधी सांगितले जाई, की आणखी एका सदस्याने इतके डॉलर दिले. मग विचारले जाई, 'तुम्ही किती देणार?' ३०० डॉलरचा उल्लेख केला तेव्हा देणगी सरासरी १२ टक्क्यांनी वाढली. सर्वाधिक उपयोगी ठरलेली रक्कम ही नेहमीच्या देणग्यांपैकी वरच्या ५ ते १० टक्क्यांतली होती. परिणाम दिसला तो नव्या देणगीदारांवर, जुन्यांवर नाही. ज्याला 'किती दिले म्हणजे योग्य' हे अजून ठाऊक नाही, तोच इतरांकडे पाहतो.

कोपऱ्यातल्या आकड्याची एक अडचण मात्र आहे. तो सरासरी दाखवत नाही, बेरीज दाखवतो. पाच कोटींपुढे माझे पाच पाउंड म्हणजे दर्यामे खसखस, असे वाटू शकते. म्हणून निवेदक बेरजेइतकाच वेळ छोट्या रकमांना देतात. पाच पाउंडांत मलेरियापासून वाचवणारी एक मच्छरदाणी, हे २००९ मध्ये पुन्हा पुन्हा सांगितले गेले. पाच पाउंड हा असा नेहमीचा, शोभणारा आकडा बनतो. शिवाय सुरुवातीलाच काही रक्कम जमलेली दाखवणे फार उपयोगी पडते. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संगणकांसाठी पत्रे पाठवली. लक्ष्याच्या १० टक्के रक्कम आधीच हाती आहे असे लिहिण्याऐवजी ६७ टक्के आहे असे लिहिले, तेव्हा मिळालेला निधी जवळजवळ सहापट झाला.

एक शंका इतर संस्थांना नेहमी सतावते. टीव्हीवर दिलेला पैसा त्यांच्याच वाट्याचा तर नाही ना? मंदीत ही भीती अधिक बोचते. किम्बर्ली शार्फ, सारा स्मिथ आणि मार्क ऑटोनी-विल्हेल्म यांनी ब्रिटनच्या डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटीच्या सहा मोठ्या आवाहनांचा अभ्यास केला. १९६३ पासून ही कमिटी मोठ्या आपत्तींच्या वेळी टीव्ही-रेडिओवरून मदत मागते. संशोधकांनी देणगीदारांच्या खात्यांवरून, आवाहनानंतर वीस आठवडे कुणाला किती गेले ते पाहिले. एकूण दान वाढले होते. इतर संस्थांच्या देणग्या आवाहनाच्या दिवसांत घटण्याऐवजी वाढल्या. पुढे त्यांना थोडा उतार लागला, म्हणजे नंतर द्यायचे काही पैसे आधी दिले गेले, पण वीस आठवड्यांच्या हिशेबात या संस्थांचे नुकसान झाले नव्हते. हा अभ्यास आपत्तींच्या आवाहनांचा आहे, रात्रभराच्या मनोरंजनाच्या कार्यक्रमांचा नाही. तरी टीव्हीवर आवाहन चालू आहे म्हणून देणगी मागणारे आपले पत्र महिनाभर पुढे ढकलणाऱ्या छोट्या संस्थेने ते त्याच आठवड्यात टपालात टाकायला हरकत नाही.